अबार्थ पुंटो चालवून पाहिली, निर्णयही झाला

हवी तशी अबार्थ पुंटो, म्हणजे फियाट पुंटोची जास्त ताकदीची टर्बो आवृत्ती, अखेर सापडली. २०१६ची, पांढरी, एकहाती वापरलेली, कोथरूडमध्ये उभी. यादीत अजून दोघी होत्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (१०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ) मला मनापासून आवडते, पण तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला घेऊन रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगायची माझी तयारी नाही. आय२० एन लाइनला खरा क्लच पेडलवाला मॅन्युअल २०२३च्या फेसलिफ्टनंतर आला आणि तशी जुनी गाडी अजून बजेटबाहेर आहे.

अबार्थचे आकडे वेगळेच आहेत. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क. ऑक्टोबर २०१५मध्ये ती बाजारात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत होती ९.९५ लाख. बनली आपल्या रांजणगावात. त्या किमतीत एवढी ताकद देणारी हॅचबॅक तेव्हा दुसरी नव्हती.

मालकांना आधीच विनंती केली होती की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. जुनी टर्बो गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. पहिल्या स्टार्टला धूर नाही, आयडलिंग स्थिर. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, चिकट गाळ नव्हता. मग टायर पाहिले. साइडवॉलवर शेवटचे चार अंक २२१९, म्हणजे २०१९चा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय. एवढ्या ताकदीच्या गाडीला हे टायर ठेवायचेच नाहीत.

पौड रोडवर चांदणी चौकापर्यंत गाडीने मन जिंकलं नाही. क्लच जड आहे आणि दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त. डावा पाय टेकवायला नीट जागाच नाही, कन्सोल गुडघ्याला लागतो. भूगावचे गतिरोधक तिरपे घ्यावे लागले, कारण सस्पेन्शन साध्या पुंटोपेक्षा खाली आहे.

भुकूम मागे पडलं आणि पिरंगुटचा चढ लागला. दुसऱ्या गिअरमध्ये काटा सव्वादोन हजारांच्या पुढे सरकला आणि गाडीने जी ओढ घेतली, ती पाठीला सीटमध्ये दाबणारी होती. तिसरा टाकला तरी ओढ कमी होईना. पण मला जिंकलं ते स्टिअरिंगने. हायड्रॉलिक आहे. वळणावर डांबराचा थर कुठे बदलतो, कडेची खडी कुठे रस्त्यावर आलीय, सगळं तळहातांना कळत होतं. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत मला हे मिळालेलं नाही, आणि ही शोधमोहीम मी त्याचसाठी सुरू केली होती. ब्रेकही उतारावर शेवटपर्यंत एकसारखे लागले.

परतताना खड्ड्यांवर पुढच्या डाव्या बाजूने बारीक टकटक ऐकू आली. जॅकवर घेऊन चाक हलवलं तर सस्पेन्शनच्या लोअर आर्मचा रबरी बुश गेलेला. मालकांनी लगेच मान्य केलं. थांबल्यावर त्यांनी इंजिन मिनिटभर आयडलला ठेवलं, टर्बो गार व्हायला. गाडी कशी सांभाळली असेल याचा मला तिथेच अंदाज आला.

मोठी चिंता वेगळी आहे. फियाट २०१९मध्ये भारतातून गेली. पुंटोचे पॅनल, काचा, सस्पेन्शनचे भाग थोडी खटपट केली की मिळतात आणि टी-जेटचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट सेडानशी जुळतात. मात्र टर्बो किंवा एखादा सेन्सर गेला तर गाडी किती दिवस उभी राहील, हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या गाडीच्या इंधनाच्या नळ्या आणि सील त्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, त्यामुळे त्यांची तपासणी दर सर्व्हिसला आलीच. घरातली एकमेव गाडी म्हणून अबार्थ मी कुणालाच सुचवणार नाही. आमच्याकडे रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, म्हणून मला हे झेपेल.

म्हणून घ्यायची ठरवली. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मालकांकडे नाही, तेव्हा तो बदललेलाच नाही असं मी धरतोय. या इंजिनात चेन नाही, बेल्ट तुटला तर इंजिनच संपलं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, बुश आणि १९५/५५ आर१६चे चार टायर यांचा खर्च मांडून तो किमतीतून वजा करायला सांगितला. थोडी घासाघीस होऊन सौदा जमला आणि टोकन दिलं. आरसी ट्रान्सफरचे कागद या आठवड्यात भरतोय. गाडी ताब्यात आली की पहिलं काम बेल्टचं. ते होईपर्यंत घाटात नेणार नाही. पुण्यात टी-जेटचा बेल्ट योग्य लॉकिंग टूल लावून बदलणारा खात्रीचा मेकॅनिक माहीत असेल तर जरूर सांगा.