नाशिक ढोल स्टाईल : मेन सीपर्यंत मजल

गणपतीच्या आत ही स्टाईल, म्हणजे कीबोर्ड आपोआप वाजवतो ती साथ, पुरी करायचीच आहे. कीबोर्ड यामाहाचा पीएसआर-एसएक्स९००, काम सगळं स्टाईल क्रिएटरमध्ये, म्हणजे कीबोर्डमधल्याच स्टाईल बनवायच्या सोयीत.

तयार ड्रम किटमधल्या आवाजांना नाशिकच्या वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीतला घुमारा काही येत नाही. छातीत बसतो तो दणका हवा. म्हणून टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, कडक आवाज स्टाईलच्या ऱ्हिदम १ चॅनेलवर ठेवला आणि त्याखाली, फक्त समेच्या ठोक्याला, टिंपनी (पाश्चात्त्य वाद्यवृंदातला सुरात लावलेला नगारा). टिंपनी मात्र बेस चॅनेलवर टाकली. एरवी ढोल-ताशात बेस गिटार कोण वाजवतो?

खरी मेख इथेच आहे. बेस चॅनेल कॉर्डच्या मागे धावतो. डाव्या हाताने सीवरून एफ धरला की घुमाराही सूर बदलतो, आणि ढोल कुणीतरी मिरवणुकीतच ओढून चढवल्यासारखा वाटतो. उपाय पॅरामीटरच्या पानावर : एनटीआरला (कॉर्डच्या मूळ स्वरामागे सूर सरकवायचा नियम) ‘रूट फिक्स्ड’, एनटीटीला (कॉर्डप्रमाणे सूर बदलायचं कोष्टक) ‘बायपास’. आता कॉर्ड कुठलीही धरा, ढोल जागचा हलत नाही. पॅड चॅनेलवरच्या सनईच्या षड्जालाही हेच सेटिंग दिलंय. त्यामुळे गाणं सीमध्येच वाजवायचं आणि पट्टी ट्रान्सपोजने बदलायची, नाहीतर सनई एकीकडे, गाणं दुसरीकडे.

दुसरा ढोल ऱ्हिदम २ वर, ताशाच्या जोडीला. क्वांटाइझ करून, म्हणजे ठोके नेमक्या जागी बसवून, झाल्यावर त्याचे ठोके मुद्दाम किंचित मागे सरकवले, व्हेलॉसिटीही (ठोक्याचा जोर) वरखाली केली. पथकातले सगळे ढोल एका क्षणी पडतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा रविवार कारंज्यावर उभं राहून ऐकावं. ताशाची तर्री (सलग झरझर ठोके) तर क्वांटाइझला दाखवायचीसुद्धा नाही, पार निर्जीव होते.

स्टाईलचे मुख्य भाग चार, मेन ए ते डी : मेन ए नुसता ढोल, बीला ताशा, सीला झांज. इंट्रो, एंडिंग सध्या साधेच आहेत.

फिल-इन, म्हणजे मधेच बटण दाबून वाजवायचा छोटा तुकडा, अजून छळतंय. ते एकाच मापाचं (बारचं) असतं आणि बटण दाबाल तिथून, मापाच्या मधूनच, सुरू होतं. तर्री पहिल्या मात्रेवर उचलली तर तिसऱ्या मात्रेला दाबल्यावर नुसतं शेपूट ऐकू येतं. म्हणून आता प्रत्येक मात्रेवर एक ठसठशीत ठोका ठेवून तर्री शेवटच्या मात्रेत कोंबतोय. मेन डीमध्ये सगळं एकदम वाजवायचं की ताशा एकटा सोडायचा, हे ठरत नाहीये. माझा कौल ताशाला. तुमचा?