मालिबूच्या डोंगरातला कोरिया

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, कालाबाससजवळच्या मालिबू क्रीक स्टेट पार्कमध्ये गाडी लावून क्रॅग्ज रोडने सुमारे चार किलोमीटर चालत गेले की डोंगरांच्या बेचक्यात एक मोकळे मैदान लागते. गंजून तांबडीलाल झालेली एक जीप, तशीच एक रुग्णवाहिका आणि दूरदूरच्या गावांची अंतरे सांगणारा खांब (मूळ खांब वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे) एवढ्यावरून ओळखायचे, की सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या 'मॅश' या विनोदी मालिकेतले लष्करी रुग्णालय इथे होते. पूर्वी ही जमीन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओची होती. बाहेरची दृश्ये इथे टिपली जात आणि शस्त्रक्रियेच्या तंबूतली शहरातल्या स्टुडिओच्या नऊ क्रमांकाच्या मंचावर.

मालिका १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालूच होते. विनोदी मालिकेत त्यावर उघडपणे बोलणे कोणत्याही वाहिनीला परवडणारे नव्हते. १९५०-५३ च्या कोरियन युद्धाचा आडोसा घेतल्यामुळे मात्र बरेच काही बोलता आले. तीन वर्षांचे ते युद्ध मालिकेत अकरा हंगाम चालले! प्रेक्षकांच्या हशाची ध्वनिफीत हवीच, असा वाहिनीचा हट्ट होता आणि लेखक लॅरी गेलबार्ट यांना ती नको होती. अखेर शस्त्रक्रियेच्या दृश्यांत कोणी हसणार नाही, यावर तडजोड झाली. माझ्या मते मालिकेचा कस लागतो तो त्याच दृश्यांत, इतरत्र तो उसना हशा आज कानाला खुपतो.

मार्च १९७५ मध्ये दाखवलेल्या भागात, घरी निघालेल्या हेन्री ब्लेक या रुग्णालयप्रमुखाचे विमान पाडल्याची बातमी शस्त्रक्रिया चालू असतानाच येते. हे दृश्य असलेले पान बहुतेक कलाकारांच्या हाती अगदी ऐनवेळी पडले होते. विनोदी मालिकेतले लाडके पात्र असे मारल्याबद्दल प्रेक्षकांची संतप्त पत्रे आली. पुढच्याच महिन्यात दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली.

ऑक्टोबर १९८२ मध्ये, शेवटच्या भागाचे चित्रीकरण चालू असताना, वणव्यात इथला बहुतेक सेट जळाला, तेव्हा लेखकांनी ती आगच कथेत घेतली. २८ फेब्रुवारी १९८३ ला तो भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. मोठ्या राष्ट्रीय वाहिन्या तीनच होत्या, म्हणूनच एवढा देश एका रात्री एकाच कार्यक्रमापुढे बसू शकला.

२०१८ च्या वूल्झी वणव्यातही हा परिसर होरपळला. वाटेवर सावली फारशी नाही. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे आणि पाणी भरपूर बरोबर घ्यावे.