वाकळीला कोण पट्टी लावतं?

क्विल्टसाठी शिवलेला चौकोन पट्टी लावून परत का छाटायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विश्रामबागेतल्या माझ्या क्विल्टच्या क्लासला नवी बॅच आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, आणि विचारायच्या आधी हसतं. "अहो ताई, आमच्या आजीनं वाकळीला कधी मोजायची पट्टी लावली होती का? शिवलेला तुकडा परत चारी बाजूंनी कापायचा, कापड उतू आलंय का?"

आलेलं नाही. आणि आजीनं पट्टी लावली नव्हती हेही खरं, कारण तिला गरजच नव्हती. वाकळीत खाली जुन्या लुगड्या-धोतरांचे थर असतात. त्यावर तुकडा कडा दुमडून ठेवायचा आणि बाहेरून आत धावदोरा घालत यायचं. तुकडा दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोठा निघाला तर दोन सूत जास्त दुमडला, संपलं. क्विल्टच्या ब्लॉकला, म्हणजे जे चौकोन जोडत क्विल्ट होतं त्यातल्या एकेकाला, असा खालून आधार नसतो. कडेला कड लावून पाव इंचावर टीप पडते, आणि एकाची चूक शेजारच्याच्या गळ्यात जाते. अर्ध्या सुताची चूक, ओळीत आठ चौकोन, की झाला अर्धा इंच.

हे मला आधीपासून कळत होतं असा आव आणत नाही. "टीप सरळ आली की कापायची वेळच येत नाही," असं मी स्वतः शिकवायचे, तेही ठासून. मग एका बाईंचं ते दुपटं शिवायला आलं.

पणजीचं एक सुती नऊवारी होतं, विरत आलेलं. त्यातून पाच इंचाचे ३२ गडद चौकोन कसेबसे निघाले. फिके ३२ नव्या कापडाचे. गडद-फिका समोरासमोर, कर्णावर रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप, मग रेघेवर कापायचं. एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन, असे ६४. हिशेबानं प्रत्येक ४ इंच ५ सूत भरतो आणि हवा असतो साडेचार. एकच सूत जास्त, ते टिपेत जिरेल असं मी धरलं. मोजलंसुद्धा नाही. आठाच्या आठ ओळी जोडल्या. प्रत्येक ओळ साडेबत्तीस भरायला हवी होती. सगळ्यात आखूड सव्वाबत्तीस निघाली, सगळ्यात लांब तेहतीस. लांब ओळीला आखडून, आखूड ओळीला ताणून टाचण्या लावल्या. मध्यभागी पुरीसारखा फुगवटा. तो बसावा म्हणून वाफेची इस्त्री घासली, तर आणखी बिघडलं. या चौकोनातली तिरकी शिवण उरेबवर, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी असते. वाफ देऊन घासलं की कापड त्या दिशेनं लांबतं आणि चौकोनाचा पतंग होतो.

नऊवारी संपलेलं. नवे तुकडे कुठून आणणार? म्हणून उसवलं. ओळींमधल्या ५६ शिवणी आणि ओळी जोडणाऱ्या ७, एकूण ६३. सगळ्यात लहान चौकोन ४ इंच ३ सूत निघाला, त्याच्याही कडांचे धागे सुटलेले. सगळ्यांत लहान जो, त्याच्याच मापाला बाकीचे आणावे लागतात. ६४ च्या ६४ सव्वाचारवर कापले. दुपटं साडेबत्तीसचं साडेतीस झालं. ज्यांचं होतं त्या म्हणाल्या, "सुरुवातीलाच नीट शिवलं असतं तर कापावं लागलं असतं का?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

आता मी मूळ चौकोन सव्वापाचचा घ्यायला सांगते. शिवून तो ४ इंच ७ सूत भरतो, म्हणजे छाटायला तीन सूत मिळतात. इस्त्री आधी मिटलेल्या शिवणीवरच, वाफ बंद, दाबून उचलायची. मग उघडून गडद बाजूला दाबायची. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवायची, कापडाच्या कडेवर नाही. नव्वद टक्के चुका इथेच होतात, असं आपलं माझं मत. कड सरळ दिसते म्हणून पट्टी तिला लावतात, आणि शिवण कोपऱ्यातून निघायची ती अर्धा सूत बाजूनं निघते. जोडल्यावर टोक बोथट. पहिल्या दोन बाजू थोड्याशाच छाटायच्या. साडेचारच्या रेघांपलीकडे चारी अंगांना कापड डोकावतंय ना, हे बघूनच. मग तुकडा अर्धा फिरवायचा, छाटलेल्या कडा साडेचारच्या रेघांवर, कर्ण पुन्हा शिवणीवर, आणि उरलेल्या दोन बाजू. एकाच अंगानं सगळं छाटलंत तर कर्ण गेलाच.

पट्टी सरकत असेल तर खाली पॉलिश पेपरचे बारके तुकडे चिकटवा. कटरचं गोल पातं एखादा धागा सोडून जायला लागलं की बदला. जोर लावला की पट्टी हलते. कटर आणि त्याखालची मॅट महाग वाटत असेल तर नेमप्लेटवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकचा साडेचारचा चौकोन कापून घ्या, सुईनं कर्ण ओरखडा, पेन्सिलनं आखून कात्रीनं कापा. आधी त्याचे दोन्ही कर्ण मोजा: सारखे हवेत, ६ इंच ३ सुतांना किंचित कमी. आणि फ्लाइंग गीजला (मधे मोठा त्रिकोण, दोन्ही अंगांना लहान, असा आयताकृती ब्लॉक) टोकाच्या वर पाव इंच सोडा, टोकाला चिकटून छाटू नका. ते पाव इंच टिपेत जातं.

एवढं सांगूनही नऊवारीवाल्या बाईंचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. ज्यांचा हात खरंच बसलाय त्या मूळ चौकोनच ४ इंच ७ सुतांचा कापतात, शिवून छाटत नाहीत, आणि त्यांच्या ओळी जुळतात. माझ्या जुळत नाहीत. परवा एकीनं माझ्या टेबलाखालची कातरण मुठीत धरून विचारलं, "ताई, याची उशी भरेल का?"

भरेल. गाठी होतील, पण भरेल.