लेनॉक्स अव्हेन्यूवर हाय-डी-हो

न्यू जर्सीला भाचीकडे महिनाभर होते तेव्हा एक शनिवार फक्त हार्लेमसाठी, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या जुन्या वस्तीसाठी, राखून ठेवला होता. २ नंबरच्या सबवेने १३५व्या स्ट्रीटला उतरले आणि लेनॉक्स अव्हेन्यूने सरळ वर चालत सुटले, कानात जॅझ गायक कॅब कॅलोवे.

१४० आणि १४१च्या मध्ये सॅव्हॉय बॉलरूमची पाटी आहे. हॉल १९५८लाच बंद पडला, पण इथे काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे. आणि तिथून जेमतेम दोन मिनिटांवर, १४२च्या कोपऱ्यावर, कॉटन क्लब होता, तिथे स्टेजवर काळे कलाकार आणि टेबलांवर बसायला फक्त गोरे! क्लब आता नाहीये तरी मी बराच वेळ उभी राहिले, कारण कॅब इथलाच स्टार आणि १९३१चं ‘मिनी द मूचर’ हे गाणं त्याचंच.

तो सांगायचा की रेडिओवर लाइव्ह गाताना एकदा शब्दच विसरला, मग सुचेल ते हाय-डी-हाय, हाय-डी-हो सुरू केलं आणि बँडने, मग पब्लिकने झील धरली. पुढे पुढे तो ते इतकं लांब आणि वेडंवाकडं करायचा की झील धरणाऱ्यांची बोबडी वळायची आणि हशा पिकायचा. पण गाण्यात मिनीला ‘किक द गाँग’ शिकवतात ना, ते जाइव्ह बोलीत, म्हणजे जॅझवाल्यांच्या खास बोलीत, अफू ओढणं. म्हणजे गोष्ट दुःखाची आणि लोक हसतायत. ही बोली वादकांची स्वतःची होती, किल्ली त्यांच्याकडे. कॅबने १९३८मध्ये तिचा छोटा शब्दकोशच काढला: कॅट म्हणजे स्विंग बँडमधला वादक, डिग म्हणजे समजणं, लिकरिश स्टिक म्हणजे क्लॅरिनेट.

माझा जास्त जीव मात्र त्याच काळातल्या स्लिम गेलार्ड या जॅझ गायकावर. त्याने ‘व्हाउट’ नावाची आख्खी भाषा बनवली, कुठल्याही शब्दाला ‘ओरूनी’ लावायचा, एकदा तर आर्मेनियन पदार्थांच्या नावांचंच गाणं केलं. जोडीदार स्लॅम स्ट्युअर्ट बेसवर गज फिरवता फिरवता तीच चाल वरच्या सप्तकात गुणगुणायचा. करून बघा, सूर जरा हलला की सगळं कोसळतं. असल्या गाण्यांना नॉव्हेल्टी, म्हणजे नुसती गंमत, म्हणून बाजूला सारतात त्याचा मला खरंच राग येतो, निरर्थक शब्द तालात चपखल बसवायला कान लागतो हो. आपल्या सी. रामचंद्रांना तो होता, म्हणून तर १९५७च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ अजून पोरं नाचतात, आणि त्यांच्यासोबत काम करणारा चिक चॉकलेट गोव्याचा जॅझ ट्रम्पेटवालाच.

परतीच्या ट्रेनमध्ये स्लिम-स्लॅमचं १९३८चं ‘फ्लॅट फूट फ्लूजी’ लावलं, परत परत तेच, शेवटी शेवटी नुसता बेस आणि त्याच्यावरचं ते गुणगुणणं ऐकत बसले.