तासाला चार मैल

लेक सप्टेंबरमध्ये युनिला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. शांतता वगैरे ठीक आहे, पण दोघंच जेवायला बसलो की आपोआप टीव्ही लावायला लागलो तेव्हा मला जरा धोक्याची घंटा वाजली. तेवढ्यात नवऱ्याने मला न विचारता ऑक्टोबरमधली एक आठवड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांबट, अरुंद, आत राहता येईल अशी बोट, बुक करून टाकली. शाळा चालू असतात त्यामुळे स्वस्त पडते म्हणे. इंग्लंडमधल्या व्हिटचर्चपासून कालव्याने वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत आणि परत. एका बाजूचं अंतर साधारण तीस मैल, म्हणजे गाडीने पाऊण तास. आम्हाला तीन दिवस लागले.

नवरा मालवणचा, त्यामुळे बोट म्हणजे याच्या बापाची इस्टेट. बोटयार्डातला माणूस घाईघाईत सगळं दाखवत होता आणि हा नुसता 'येस येस' करत मान डोलवत होता. बोट ४५ फूट लांब, रुंदी सात फुटाला दोन इंच कमी. मागे उभं राहून हँडल डावीकडे ढकललं की नाक उजवीकडे जातं, पण लगेच नाही, जरा विचार करून जातं, तोवर आपण घाबरून हँडल अजून ढकललेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही दोन्ही काठांना भेटून आलो. मी काही बोलले नाही. (बोलले, पण हळू.)

मग सासूबाईंना व्हिडिओ कॉल. पाणी किती खोल? कमरेएवढं. स्पीड किती? जास्तीत जास्त तासाला चार मैल, पण आम्ही त्याच्या निम्म्यानेच. नेमके तेव्हाच काठावरून एक आजोबा कुत्रं घेऊन आमच्या पुढे निघून गेले, ते त्यांना स्क्रीनवर दिसले. "अरे मगे चलान गेलंस तर बेगीन पोचशीत!"

आता हळू जाण्यात सगळी चूक आमची नव्हती. कालव्याचं पाणी म्हणजे साचलेलं असं मला वाटायचं, पण हा कालवा चक्क वाहतो. लँगॉलेनच्या वर हॉर्सशू फॉल्स नावाचा बंधारा आहे, तिथून डी नदीचं पाणी यात सोडतात आणि ते पार खाली हर्लस्टनच्या जलाशयात पिण्यासाठी जातं. १९४४ साली हा कालवा कायद्याने बोटींसाठी बंदच झाला होता, पण पाणी न्यायला लागायचं म्हणून बुजवला नाही, आणि आज तोच सगळ्यात जास्त गर्दीच्या कालव्यांपैकी एक आहे. तर जाताना आपण प्रवाहाच्या उलट.

त्यात पानं! फोटोत छान दिसतात ती पिवळी लाल पानं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांच्या बोगद्यातून जाताना बोट अचानक ढिम्म. इंजिन गुरगुरतंय, मागे पाणी चहासारखं उकळतंय आणि काठावरचं झुडूप आहे तिथेच. नवऱ्याने बोटयार्डला फोन लावला, त्यांनी शांतपणे सांगितलं की पंख्यात पानं अडकलीत, न्यूट्रलला आण आणि क्षणभर जोरात रिव्हर्स मार. मारला. मागून काळपट पानांचा असा काही लगदा बाहेर आला की बस, आणि बोट सुटली. हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यानंतर दर अर्ध्या तासाला तेच, न्यूट्रल, रिव्हर्स, लगदा, चला.

त्या रात्री कोजागिरी. एल्समीरच्या अलीकडे ब्लेक मियर म्हणून तळं आहे, कालवा अगदी त्याच्या काठाने जातो, मध्ये फक्त झाडांची एक रांग. अंधारात बोट चालवायची नसते म्हणून उजेड असतानाच खुंट्या ठोकून दोर बांधले, शेगडीत कोळसा घातला, तिने आधी आम्हाला धूर पाजला आणि मग ऊब दिली. पुण्याहून आणलेला दुधाचा मसाला होताच. दूध आटवलं, पण चंद्र काही येईना, नुसते ढग. रमीचे चार डाव झाले आणि 'कोण जागं आहे' विचारणाऱ्या देवीला उत्तर द्यायच्या आधीच हे गृहस्थ घोरायला लागले. अकराच्या पुढे मी शाल गुंडाळून मागच्या डेकवर गेले तर तळ्यावर धुकं आणि त्यावर चंद्र, बोटीच्या छपरावर ओली पानं चिकटलेली. उरलेलं दूध दोघांचंही मीच प्यायले. उठवलं नाही, बघू देत लक्ष्मी कुठल्या घरात जाते ते.

पुढे न्यू मार्टनची दोन लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वरच्या पातळीला चढवणाऱ्या दरवाजांच्या अरुंद टाक्या. इथे एक गोष्ट लक्षात आली, बायका खाली उतरून लोखंडी चावीने झडपा उघडतायत, पाठ लावून ते अवजड दरवाजे ढकलतायत आणि नवरे मागे हँडल धरून चहा पितायत. गोरे असोत नाहीतर मालवणी. चोवीस वर्षं गाडीतसुद्धा मी डावीकडेच बसतेय. पहिल्या लॉकला मी ढकललं, दुसऱ्याच्या आधी चावी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तू उतर. उतरला बिचारा, पण वरून सूचना चालूच, "अगं भिंत! अगं भिंत!" सात फुटांच्या लॉकमध्ये भिंत नसेल तर काय असेल.

मग पॉन्टकसिल्टे. (उच्चारावरून कृपया कोणी भांडू नका.) टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांनी बांधलेला, १८०५ साली सुरू झालेला, ३०७ मीटर लांब पूल, आणि त्यावरून रस्ता नाही तर कालवा जातो, खाली ३८ मीटरवर डी नदी. ओतीव लोखंडाची पन्हळ आहे, एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काही म्हणजे काही नाही, पाण्याच्या वर वीतभर लोखंडी कडा आणि मग थेट हवा. जाताना हँडल नवऱ्याकडे होतं. पूर्ण वेळ समोर बघत होता, एक शब्द नाही. लँगॉलेनला पोचल्यावर बरंच नंतर कबूल केलं की त्याला उंचीची भीती वाटते. चोवीस वर्षांत हे मला माहीतच नव्हतं.

त्यामुळे परत येताना हा पुलाच्या अलीकडे ट्रेव्हरला उतरला आणि कठडा धरून पायवाटेने चालायला लागला. बोट मी घेतली. खाली झाडं तांबूस झालेली, त्यांचे शेंडे माझ्या पायांच्या कितीतरी खाली. मध्यावर आले तेव्हा हातभर अंतरावरून आवाज आला, "सरळ घे, सरळ!" लोखंडी पन्हळीतून बोट दुसरीकडे जाणार तरी कुठे?

इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. म्हणजे आलं.