आमची वाटचाल : पुसायचं राहिलेलं एक पान

२०११ साली भोसरीत पत्र्याच्या गाळ्यात मी आणि माझा भागीदार, दोघांनी सुरुवात केली. भांडवल म्हणजे एक सोल्डरिंग स्टेशन आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला जुना ऑसिलोस्कोप. त्याचा दुसरा चॅनल थापट मारल्याशिवाय चालत नसे. अजून कपाटात आहे, विकणार नाही.

माल एकच : साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे कंट्रोलर. बिनएमएमयूचा प्रोसेसर (एमएमयू म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखणारा भाग), १६ एमबी रॅम, वर युसीलिनक्स, म्हणजे अशा प्रोसेसरवर चालणारं लिनक्स.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोग्रॅमला मेमरी देताना ती शून्यांनी पुसून देतं. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये, एवढाच हेतू. बिनएमएमयू कर्नलात हे पुसणं टाळायचा पर्याय आहे, तो भागीदारानं चालू केला. त्याला दोष देत नाही. पर्यायाच्या मदतीतच लिहिलंय की आत काय चालतं ते तुमच्या ताब्यात असेल, तर 'होय' म्हणायला सहसा हरकत नाही. आत सगळे आमचेच प्रोग्रॅम. शिवाय एमएमयू नसला की कोणीही कोणाचीही मेमरी वाचू शकतो, मग पुसून लपवायचं कोणापासून?

आतलं बाहेर जातं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पावती छापणारा प्रोग्रॅम दर गाडीला नवा उठायचा, छापून झालं की संपायचा. त्यानं सोडलेली मेमरी नोंद लिहिणाऱ्याच्या वाट्याला यायची. नोंदीत शेतकऱ्याच्या नावाला ४० बाइट. नाव आखूड असलं की उरलेल्या जागेतला जुना मजकूर तसाच पेनड्राइव्हवरच्या फाइलीत.

२०१५ च्या फेब्रुवारीत, ऐन गाळपात, एका प्रतिस्पर्ध्याच्या माणसानं ती फाइल मिळवली. संचालकांपुढे हेक्स डम्प (फाइलीतला बाइट न् बाइट दाखवणारी यादी) उघडला आणि बोट ठेवलं : एकाच्या नोंदीच्या पोटात आधीच्या गाडीवाल्याचं नाव आणि ११.८४० टन. "यांच्या काट्यात जुनं वजन राहतं," एवढंच बोलला. ऊसपट्ट्यात पुढचं लोकच बोलतात. काटामारी! तीन कारखान्यांनी ऑर्डर रद्द केल्या, चौथ्यानं बिल अडवलं. प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला, किलोचाही फरक निघाला नाही. ऐकतो कोण?

सांगलीकडच्या एका कारखान्याच्या काटा क्लार्कांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा रात्री दोनला फोन.

"साहेब, काटा चुकतोय का लिहिताना सांडतंय, एवढंच सांगा."

"लिहिताना सांडतंय, अण्णा."

"मग फडकं घेऊन या."

सकाळी त्यांच्या काटाघरात बसून नोंद भरण्याआधी तिची जागा शून्यांनी पुसणारी मेमसेटची एक ओळ घातली आणि तो पर्यायही बंद केला. पावतीमागे वाचत होते ते काही मिलिसेकंद. ट्रॅक्टरला काट्यावर चढायला मिनिट लागतं! जुन्या फाइली चाळताना सुपरवायझरचा पासवर्डही सापडला. खरं भयंकर ते होतं, पण त्या प्रतिस्पर्ध्याला तो दिसलाच नाही. बहुतेक हेक्स फक्त दाखवता येत होतं त्याला.

भागीदार त्याच वर्षी बाहेर पडला. मी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. आता बोर्डवर एमएमयू आहे, त्यामुळे प्रोग्रॅमला मेमरी पुसूनच मिळते. कर्नलच्या स्वतःच्या वापरासाठी ५.३ पासून (२०१९) इनिट-ऑन-अलॉक आणि इनिट-ऑन-फ्री आहेत. पहिला मेमरी देताना पुसतो, तो स्वस्त; दुसरा ती परत आल्यावर पुसतो, तो जरा महाग. आम्ही दोन्ही चालू ठेवतो. नवी पोरं बेंचमार्क (वेगाची मोजमापं) घेऊन येतात, मी त्यांना ती फाइल उघडून दाखवतो. आणि पासवर्ड साध्या मेमसेटनं पुसू नका रे. पुढे वापर नाही असं पाहून कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) ती ओळच उडवतो. एक्सप्लिसिट-बीझिरो वापरा, ते तो उडवत नाही; जीलिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) २.२५ पासून आहे.

अण्णा निवृत्त झाले, पण त्यांच्या काट्यावर आजही आमचाच डबा आहे. चौथ्या कारखान्याचं बिल अजून येणं आहे.