कपाटाआधीचे झाड

सांगली, श्रावणातला रविवार, रात्र

आज दुपारी आमच्या वाचनमंडळाची पाक्षिक बैठक विश्रामबागेत वहिनींच्या घरी झाली. गेले चार दिवस पावसाने पाठ सोडलेली नाही, आणि या दिवसांत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले हे विचारल्याशिवाय सांगलीत कोणतेच बोलणे सुरू होत नाही. ती चौकशी झाली, ४० फुटांची इशारा पातळी अजून बरीच दूर आहे असे कळले, आणि चहा येण्याआधीच वादाला तोंड फुटले. पुस्तक होते सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, म्हणजे त्या अद्भुत प्रदेशाची पूर्वकथा. गंमत अशी की पुस्तक चांगले की वाईट हा प्रश्न बराच वेळ कोणी काढलाच नाही. सगळा वाद ते आधी वाचावे की नंतर, यावरच चालला.

वादाचे मूळ छपाईत आहे. मालिकेतील पहिले पुस्तक १९५० साली आले. त्यात ल्युसी नावाची मुलगी एका जुन्या कपाटात शिरते, आतले कोट बाजूला सारत पुढे जाते आणि बर्फाने भरलेल्या रानात येऊन पोचते. तेथे, झाडांच्या मधोमध, शहरातल्या रस्त्यावर असावा तसा दिव्याचा खांब उभा असतो. तो तेथे कसा आला याचे उत्तर वाचकाला मिळते ते १९५५ साली, सात पुस्तकांपैकी सहाव्या पुस्तकात. मात्र १९९४ पासून निघालेल्या संचांत पुस्तकांना कथेतील काळाप्रमाणे क्रमांक दिले गेले आणि पूर्वकथेच्या कण्यावर १ हा आकडा आला. आमच्यापैकी दोघांनी असा नवा संच वाचला होता, बाकीच्यांनी पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्या क्रमाने; आणि मते जवळजवळ त्याच रेषेवर दुभंगली. आपले मत म्हणून आपण जे हिरिरीने मांडतो, ते पुष्कळदा हाती आलेल्या प्रतीचे मत असते की काय, अशी शंका मला तेव्हाच आली होती, पण यजमानांच्या घरी ती बोलून दाखवली नाही.

निवृत्त गणित शिक्षक असलेल्या आमच्या सरांचे म्हणणे सरळ होते: जगाची उत्पत्ती आधी आणि त्या जगातील युद्धे नंतर, यात चर्चेला जागाच कोठे आहे? त्यांच्या बाजूला एक भक्कम साक्षीदारही आहे. एका अमेरिकन मुलाने आपला आणि आईचा याच क्रमावरून झालेला मतभेद लुईस यांना कळवला, तेव्हा १९५७ साली त्यांनी उत्तरात मुलाच्या बाजूने, म्हणजे कालक्रमाच्या बाजूने, कौल दिला होता. सरांना हे ठाऊक नव्हते. मीच ते सांगितले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्याच पत्रात, कोणी कोणत्याही क्रमाने वाचले तरी कदाचित फारसे बिघडत नाही, असेही लुईस म्हणतात, हे मी घाईघाईने जोडले, पण तोवर सर विजयी मुद्रेने पोह्यांकडे वळले होते.

वहिनींचा आक्षेप वेगळा आणि मला अधिक जवळचा होता. पूर्वकथेत जादिस ही क्रूर राणी लंडनमध्ये येऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची आडवी लोखंडी दांडी उपटते, ती दांडी पुढे नार्नियाच्या जन्माच्या वेळी अस्लान या सिंहावर फेकते, आणि त्या दिवशीची माती इतकी सुपीक असते की पडलेल्या दांडीतून अख्खा दिव्याचा खांब उगवतो. कल्पना सुरेखच आहे. पण वहिनी म्हणाल्या, “तो खांब कोठून आला हे मला कळायलाच नको होते. इतकी वर्षे तो माझ्या डोळ्यांपुढे नुसता उभा होता, आता त्याला मुळे फुटली.” या वाक्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर काम करणारा आमच्यातला तरुण सभासद जाडजूड मालिका वाचणारा आहे, आणि त्याचा राग पूर्वकथा या प्रकारावरच आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचे पाचवे पुस्तक २०११ साली आले, सहाव्याची वाट पाहणाऱ्यांच्या हाती २०१८ साली पडला तो राजघराण्याचा पूर्वेतिहास. रॉबर्ट जॉर्डन यांनी ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेच्या दहाव्या आणि अकराव्या भागांच्या मध्ये, २००४ साली, पूर्वकथा काढली, २००७ साली ते गेले आणि मालिका २०१३ साली ब्रँडन सँडरसन यांच्या हातून पूर्ण झाली. “मुद्दल थकलेले असताना नवे खाते उघडायचे, याला आमच्याकडे पत म्हणत नाहीत,” असे तो म्हणाला. त्याच्या रागात तथ्य आहे, पण लुईस यांना तो लागू पडत नाही. त्यांनी ही पूर्वकथा पहिल्या पुस्तकानंतर लवकरच लिहायला घेतली होती; ती साधेना म्हणून बाजूला ठेवली आणि सातही पुस्तकांत ती शेवटी पुरी झाली. लिहिणाऱ्यालाच आरंभ शेवटी सापडला, तर वाचणाऱ्याने तो आधी का मागावा?

माझे म्हणणे मी उत्तरकांडाच्या आधाराने मांडले. रावणाचे कूळ, त्याची तपश्चर्या, त्याला मिळालेले वर, त्याचा दिग्विजय हे सारे वाल्मीकी रामायणात येते कोठे? रावण मारला गेल्यावर, राज्याभिषेक झाल्यावर. अगस्त्य ऋषी ते रामाला सांगतात, म्हणजे ज्याने रावणाला जिंकले त्यालाच रावण कोण होता हे मागाहून कळते. उत्तरकांड नंतर जोडले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, मानोत. ज्याने ते जोडले त्याला श्रोत्यांची नस सापडली होती. खलपुरुषाची पूर्वकथा ज्याला शेवट माहीत आहे त्यानेच ऐकायची असते. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार या उत्सुकतेने कोणी आले नसणार. पहिल्या नार्निया पुस्तकात अस्लानचे नाव प्रथम निघते तेव्हा निवेदक वाचकाला सांगतो की तो कोण हे त्या मुलांना ठाऊक नव्हते, जसे ते तुम्हालाही ठाऊक नाही. पूर्वकथा आधी वाचलेल्याला हे वाक्य खोटे ठरते. माझ्या मते तेथेच निकाल लागायला हवा होता.

तो लागू दिला नाही माझ्या भाचीने. ती १४ वर्षांची आहे आणि तिने नवा संच पहिल्यापासून वाचला. ती म्हणाली, “मावशी, तू पहिल्यांदा वाचलेस तेव्हा गाडीतून येणारी ती गोरी बाई तुला राणी वाटली असेल. मला ती जादिस होती. तिने एका शब्दाने अख्खे जग मारलेले मी पाहिले होते, आणि ल्युसीचा भाऊ एडमंड तिच्या हातची मिठाई खात होता.” मला जेथे गूढ वाटले होते तेथे तिला भीती वाटली होती. बहिणीकडून हरण्याऐवजी सगळी जीवसृष्टी संपवणारी ती राणी, चार्न या तिच्या जगातल्या त्या मेलेल्या महालात रांगेने बसलेले, क्रमाक्रमाने अधिक निष्ठुर होत गेलेले चेहरे, आणि मोह न आवरून पूर्वकथेतल्या डिगोरी या मुलाने वाजवलेली, तिला जागे करणारी घंटा, हे सारे मनात घेऊन कपाटात शिरणे ही माझ्यापेक्षा वेगळी आणि कमी नसलेली वाट आहे. मी त्यावर काही उत्तर दिले नाही. अजूनही सुचलेले नाही.

पुस्तकाच्या गुणदोषांकडे आम्ही वळलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. शेवटी सफरचंदाच्या गाभ्यातून झाड येते, ते वादळात पडते आणि त्याच्या लाकडाचे कपाट होते, हा सांधा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. भिंतीत खुंटी दिसली की तिच्यावर काहीतरी टांगलेच पाहिजे, या हौसेचा तो भाग आहे. उलट, पहिल्या पुस्तकातील म्हातारे प्रोफेसर ल्युसीच्या अशक्य गोष्टीवर विश्वास का ठेवतात, हे पूर्वकथेतून न सांगता कळते, कारण ते प्रोफेसर म्हणजेच तो डिगोरी. मालिकेतील दुवे जुळवण्यासाठी मात्र मी हे पुस्तक पुन्हा वाचणार नाही. वाचीन ते डिगोरीच्या आजारी आईसाठी. जादूचे सफरचंद हातात असताना ते चोरून तिला द्यावे, असे राणी त्याला सुचवते, तो नकार देतो, आणि मग मिळालेल्या सफरचंदाने आई बरी होते. लुईस यांची आई १९०८ साली वारली, तेव्हा ते ९ वर्षांचे होते. हे मी सांगितल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि क्रमांकांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

भावाच्या धाकट्या मुलाला दहाव्या वाढदिवसाला हा संच द्यायचा आहे. घरी आल्यावर मी आणि भाचीने सातही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घातली, जेणेकरून कण्यावरचे आकडे झाकले जावेत, आणि वर नुसती नावे लिहिली. चळत बांधताना मी कपाटाचे पुस्तक सर्वांत वर ठेवले होते. आता झोपण्यापूर्वी दिवा घालवायला गेले तर वर ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ होते. मी ते पुन्हा खाली सरकवले आहे. सकाळी ती माझ्या आधी उठते.